भूगर्भशास्त्राची आवड असलेल्या मुलासाठी रॉक टंबलर निवडताना

नवी दिल्ली : ज्या घरातील मुलाच्या खिशातून रोज एखादा दगड निघतो, खिडकीच्या कट्ट्यावर गारगोट्यांची रांग लागते आणि सुट्टीच्या प्रवासातून परतताना पिशवी विनाकारण जड झालेली असते, त्या घरात केव्हा ना केव्हा रॉक टंबलरची मागणी होतेच. ओबडधोबड दगड फिरत्या डब्यात घालून त्यांना काचेसारखी चकाकी आणणारे हे छोटे यंत्र वाढदिवसाची भेट म्हणून आकर्षक वाटते. मात्र ते इतर खेळण्यांसारखे नाही. एकदा सुरू केले की ते चार-पाच आठवडे रात्रंदिवस चालते, त्याला पाण्याबरोबर अतिशय कठीण भुकटी लागते आणि दर आठवड्याला त्यातून दगडी गाळ बाहेर पडतो.

दिल्लीतील सरोजिनी नगरसारख्या वस्तीत हा प्रश्न अधिकच नाजूक होतो. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या निवासस्थानांची ही वसाहत. तिच्यासह दक्षिण दिल्लीतील सात जुन्या सरकारी वसाहतींच्या पुनर्विकासाला २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली आणि बैठ्या, दुमजली घरांच्या जागी बहुमजली इमारती उभ्या राहू लागल्या. अशा घरात शेजाऱ्याची भिंत आपलीच भिंत असते आणि सांडपाण्याचा नळही सामाईक असतो. म्हणून यंत्राची किंमत किंवा खोक्यावरील छायाचित्र पाहण्याआधी यंत्र काय करते, कोणत्या दगडांवर करते आणि घरात मागे काय ठेवते, हे समजून घेणे आवश्यक आहे.

डब्यातील नदी

रॉक टंबलरचे तत्त्व महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांना भूगोलाच्या पुस्तकातून परिचित आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील पारनेर तालुक्यात, निघोज येथे कुकडी नदीच्या पात्रात रांजणखळगे आहेत. प्रवाहाच्या भोवऱ्यात सापडलेले दगडगोटे एकाच जागी गरगर फिरत राहिले, त्यांनी खडक कोरला आणि कोरता कोरता तेही झिजून गोल झाले. कोणत्याही प्रसंगाने विचलित न होणाऱ्या माणसाला आपण ‘नर्मदेतला गोटा’ म्हणतो. त्या गोट्याचा गुळगुळीतपणाही अशाच दीर्घकाळच्या घर्षणातून आलेला असतो.

टंबलरमध्ये हीच क्रिया एका बंद डब्यात घडते. डबा दोन फिरत्या दांड्यांवर आडवा ठेवलेला असतो. घरगुती यंत्रात तो मिनिटाला साधारण ३० ते ६० फेरे घेतो. डबा फिरू लागला की आतील दगड भिंतीबरोबर थोडे वर चढतात आणि वरचा थर एकमेकांवरून घसरत खाली येतो. झीज होते ती या घसरणाऱ्या थरात. दगडांच्या फटींत अडकलेले कठीण भुकटीचे कण प्रत्येक घसरणीत पृष्ठभागाचा अगदी सूक्ष्म अंश खरवडून काढतात.

यंत्राचे बहुतेक नियम या एका गोष्टीतून समजतात. डबा काठोकाठ भरला तर दगडांना घसरायला जागा उरत नाही. अर्ध्याहून कमी भरला तर ते घसरण्याऐवजी एकमेकांवर आदळतात आणि त्यांचे टवके उडतात. डबा फार वेगाने फिरवला तर दगड भिंतीला चिकटून राहतात आणि घर्षणच थांबते. म्हणून डबा दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश भरायचा, पाणी दगडांच्या वरच्या थराच्या किंचित खाली ठेवायचे आणि वेगाचा हव्यास धरायचा नाही. ‘जास्त वेग, लवकर चकाकी’ असे सांगणाऱ्या जाहिरातीकडे या दृष्टीने सावधपणे पाहावे.

खंबातच्या कारागिरांचा धडा

दगडांना सामुदायिक घर्षणाने चकाकी आणण्याची कला भारताला नवी नाही. गुजरातमधील रतनपूर परिसरातून निघणाऱ्या अकीक दगडांचे मणी खंबात येथे पिढ्यान्‌पिढ्या घडवले जात आले आहेत. विजेची मोटार येण्यापूर्वी तेथील कारागीर मणी, पाणी आणि घर्षक भुकटी चामड्याच्या पिशवीत भरत आणि दोघे जण समोरासमोर बसून ती पिशवी दिवसेंदिवस पुढे-मागे लोळवत. पुढे पिशवीच्या जागी मोटारीवर फिरणारी पिंपे आली. आजचा घरगुती टंबलर हा त्याच पिंपाचा छोटा भाऊ आहे.

गुजरातमधील लोथल येथे हडप्पा काळातील मणी घडवण्याची कार्यशाळा सापडली आहे आणि हडप्पा संस्कृतीतील तांबड्या अकिकाचे मणी मेसोपोटेमियातील उर येथील उत्खननातही मिळाले आहेत. सरोजिनी नगरहून फार दूर नसलेल्या जनपथावरील राष्ट्रीय संग्रहालयाच्या हडप्पा दालनात असे मणी पाहता येतात. यंत्र घेण्यापूर्वी मुलाला तेथे नेणे हा उत्तम पूर्वाभ्यास ठरेल. दगडाला चकाकी आणण्यासाठी माणसाने हजारो वर्षांपूर्वी किती चिकाटी दाखवली, हे त्याला एका फेरीत समजेल.

या परंपरेची दुसरी बाजू मात्र वेदनादायक आहे. अकीक हा स्फटिकी सिलिकेचा दगड आहे. तो कोरडा घासताना उडणारी अतिसूक्ष्म धूळ फुप्फुसांत खोल जाऊन साचते आणि त्यातून सिलिकोसिस हा बरा न होणारा आजार जडतो. खंबातच्या अकीक कामगारांमधील या आजाराचा अभ्यास अहमदाबाद येथील राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने केला आहे. घरगुती टंबलरमध्ये सारे काम पाण्यात आणि बंद डब्यात होत असल्याने हा धोका मुळातच खूप कमी होतो. परंतु तो कमी होतो तो पाण्यामुळे. पाणी आटले, गाळ वाळला आणि वाळलेला गाळ झाडूने झाडला की तीच धूळ घराच्या हवेत मिसळते. यंत्राच्या निवडीपासून गाळाच्या विल्हेवाटीपर्यंतच्या प्रत्येक निर्णयात हे भान ठेवावे लागते.

आधी दगड, मग यंत्र

खरेदीच्या वेळी बहुतेकांचे लक्ष यंत्रावर असते. प्रत्यक्षात यश ठरते ते दगडांच्या निवडीवर. त्यासाठी जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रीडरिश मोह्स यांनी १८१२ मध्ये मांडलेली काठिण्यश्रेणी उपयोगी पडते. या श्रेणीत शंखजिरे सर्वांत मृदू म्हणजे १ आणि हिरा सर्वांत कठीण म्हणजे १० आहे. माणसाचे नख साधारण २.५, पोलादी चाकूचे पाते सुमारे ५.५ आणि गारगोटी ७ या स्थानावर येते. जे खनिज दुसऱ्यावर ओरखडा उमटवते ते अधिक कठीण, एवढा साधा हा नियम आहे.

टंबलरसाठी साधारण ६.५ ते ७ काठिण्याचे, भरीव आणि बारीक पोताचे दगड सर्वोत्तम. अकीक, कॅल्सेडनी, जॅस्पर आणि शुद्ध गारगोटी यांचा त्यात समावेश होतो. एका वेळी डब्यात घातलेल्या सर्व दगडांचे काठिण्य जवळपास सारखे असावे. गारगोट्यांबरोबर संगमरवराचा तुकडा टाकला, तर आठवड्याअखेर गारगोट्या शाबूत असतील आणि संगमरवराचे पीठ झालेले असेल.

महाराष्ट्राशी नाते असलेल्या घरांनी येथे विशेष काळजी घ्यावी. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनलेल्या दख्खनच्या काळ्या खडकाच्या पोकळ्यांत जगप्रसिद्ध स्फटिक सापडतात. पुणे, नाशिक, जळगाव या भागांतील खाणींतून मिळणारे स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट यांसारखे झिओलाइट आणि त्यांच्या सोबतीने आढळणारे अपोफिलाइट हे त्यांतील प्रमुख. पुण्याजवळच्या वाघोलीचे निळेशार कॅव्हान्साइट तर संग्राहकांचे अत्यंत आवडते. नाशिक जिल्ह्यातील सिन्नर येथील ‘गारगोटी’ संग्रहालयात हे वैभव पाहता येते. ही सारी खनिजे ३ ते ५ या काठिण्याची असून त्यांतील अनेक ठरावीक पातळीवर सहज दुभंगतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत आजोळहून आणलेला असा स्फटिक टंबलरमध्ये घातला, तर ज्या टोकदार कडा आणि सपाट बाजूंसाठी तो मौल्यवान आहे, त्याच प्रथम नष्ट होतील.

भूगर्भशास्त्राची आवड असलेल्या मुलाला हा फरक आरंभीच समजायला हवा. काही दगडांचे सौंदर्य झिजवल्यावर खुलते, तर काहींचे जसेच्या तसे जपल्यानेच टिकते. स्फटिकाची नैसर्गिक घडण ही त्याच्या जन्माची नोंद असते. ती पुसून मिळालेली चकाकी म्हणजे घाट्याचा व्यवहार होय.

दिल्लीत कोणते दगड मिळतील?

सरोजिनी नगरच्या आसपास दिसणारा मूळ खडक म्हणजे दिल्लीच्या रिजचा क्वार्टझाइट. अरवली पर्वतरांगेचे हे उत्तरेकडील टोक असून त्याचा खडक शंभर कोटी वर्षांहून जुना आहे. वाळूचे थर दाब आणि उष्णतेने घट्ट जोडले जाऊन तो तयार झाला. त्याचे काठिण्य ७ च्या आसपास असले, तरी त्याचा पोत दाणेदार असतो. ज्या तुकड्यात दाणे पक्के जोडलेले असतात, त्याला बऱ्यापैकी चकाकी येते. भेगाळलेल्या तुकड्यातून मात्र दाणे सुटत राहतात आणि पृष्ठभागावर खड्डे पडतात.

रिजवरून दगड उचलून आणणे मात्र योग्य नाही. हे क्षेत्र भारतीय वन अधिनियम, १९२७ अन्वये १९९४ मध्ये अधिसूचित झाले आहे आणि या कायद्याच्या व्याख्येनुसार वनातील दगड व खनिजे हीदेखील वनोपजच आहेत. एकेकाळी खाणकामाने पोखरलेल्या आणि आता पुन्हा हिरव्या झालेल्या वसंत विहार येथील अरवली जैवविविधता उद्यानात जाऊन खडक पाहावा, त्याचे छायाचित्र व रेखाटन करावे आणि तो तेथेच राहू द्यावा.

घरी नेण्याजोगा माल अन्यत्र आहे. फरशी कापणाऱ्यांच्या दुकानांत ग्रॅनाइट, संगमरवर, कोटा यांचे टाकाऊ तुकडे पडलेले असतात. ते टंबलरला फारसे मानवत नसले, तरी ओळख पटवण्यासाठी उपयुक्त आहेत. ग्रॅनाइटमध्ये कठीण गारगोटी आणि मृदू अभ्रक शेजारी शेजारी असल्याने अभ्रक आधी झिजून खळगे पडतात. संगमरवर आणि कोटा यांचे काठिण्य केवळ ३ च्या आसपास असून लिंबाच्या रसाचा किंवा व्हिनेगरचा थेंब टाकल्यास त्यांच्यावर बारीक बुडबुडे दिसू शकतात. लाल किल्ला आणि हुमायूनच्या मकबऱ्याच्या तांबड्या दगडाच्या जातीचा वालुकाश्म घासला, तर त्याची पुन्हा वाळूच होते.

दिल्लीतील यमुनेच्या पात्रात प्रामुख्याने वाळू आणि गाळ आहे. गोटे हवे असतील, तर नदी डोंगर सोडते त्या पायथ्याकडे जावे लागते. चकाकीसाठी खात्रीचा मार्ग म्हणजे खंबात किंवा जयपूरसारख्या रत्नकामाच्या केंद्रांतून आलेला न घडवलेला अकीक विकत घेणे. अनोळखी हिरवट किंवा धातूसारखे चमकणारे दगड, तसेच तंतुमय खनिजे डब्यात कधीही घालू नयेत. त्यांत शिसे, तांबे यांची विषारी संयुगे किंवा अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते.

कोणते यंत्र घ्यावे?

घरगुती टंबलर मुख्यतः दोन प्रकारचे असतात. पहिल्यात डबा फिरतो, दुसऱ्यात भांडे वेगाने कंप पावते. कंप पावणारे यंत्र काम लवकर उरकते आणि दगडाचा मूळ आकार बराचसा राखते. परंतु ते महाग असते, त्यातील पाण्यावर वारंवार लक्ष ठेवावे लागते आणि ओबडधोबड दगडाला गोलाई देण्याचे काम त्याला फारसे जमत नाही. फिरत्या डब्याचे यंत्र संथ, साधे आणि चुका सोसणारे असते. दगड हळूहळू नदीतल्या गोट्यासारखा होत जाताना पाहणे हाच मुलासाठी खरा धडा असल्याने पहिले यंत्र फिरत्या डब्याचेच असावे.

त्याचा आकारही विचारपूर्वक निवडावा. सुमारे दीड किलो क्षमतेचा डबा बहुतेक घरांना पुरेसा ठरतो. अगदी लहान, पाव-अर्धा किलोच्या डब्यात दगडांचे स्वतःचे वजन इतके कमी असते की घर्षणच पुरेसे होत नाही. त्याहून मोठा डबा भरायला तेवढेच चांगले दगड आणि तेवढीच भुकटी लागते. शिवाय पाणी भरलेला जड डबा मुलाला उचलता येत नाही.

डबा शक्यतो जाड रबराचा असावा. कठीण प्लास्टिकच्या डब्यात दगड आपटण्याचा आवाज कितीतरी मोठा होतो. झाकण घट्ट बसणारे, पण मोठ्यांना सहज उघडता येणारे असावे. काही दगडांपासून घर्षणाच्या काळात वायू तयार होतो. त्यामुळे सुरुवातीचे काही दिवस रोज एकदा झाकण उघडून दाब सोडणे हितावह असते. डबा फिरवणारा पट्टा ही या यंत्रातील सर्वांत लवकर झिजणारी वस्तू. सोबत जादा पट्टा मिळतो का, झाकणाची रबरी चकती, पट्टा आणि भुकटी पुढेही भारतात मिळत राहील का, हे विकत घेण्याआधीच विचारावे. तसे नसेल, तर पहिल्या खेपेनंतर यंत्र माळ्यावर जाण्याची शक्यता अधिक.

सरोजिनी नगरचा बाजार कपड्यांसाठी प्रसिद्ध आहे, रॉक टंबलर तेथे शोधून उपयोग नाही. हे यंत्र बहुधा ऑनलाइनच मागवावे लागते आणि तेथेच विजेचा महत्त्वाचा मुद्दा उपस्थित होतो.

वीज : केवळ व्होल्ट पाहून भागत नाही

भारतात घरगुती वीज २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ आहे. अमेरिकी बाजारासाठी बनलेले अनेक टंबलर १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झवर चालतात. परदेशातील नातेवाइकांनी प्रेमाने आणलेले असे यंत्र थेट आपल्या प्लगमध्ये लावले, तर मोटार जळते. व्होल्ट कमी करणारा ट्रान्सफॉर्मर जोडला तरी अडचण पूर्ण सुटत नाही, कारण ट्रान्सफॉर्मर हर्ट्झ बदलत नाही. ६० हर्ट्झची मोटार ५० हर्ट्झवर सुमारे एक-षष्ठांश संथ चालते आणि अधिक तापते. महिनाभर अखंड चालणाऱ्या यंत्राच्या बाबतीत ही गोष्ट दुर्लक्षिण्यासारखी नाही. यंत्रावर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ असे स्पष्ट लिहिलेले असावे किंवा ते १०० ते २४० व्होल्ट स्वीकारणाऱ्या वेगळ्या अ‍ॅडॉप्टरवर कमी दाबाने चालणारे असावे. लहान मुलाच्या हाताशी राहणाऱ्या यंत्रासाठी दुसरा पर्याय अधिक सुरक्षित होय.

खेळणे म्हणून विकले जाणारे उत्पादन १४ वर्षांखालील मुलांसाठी असेल, तर खेळणी (गुणवत्ता नियंत्रण) आदेश, २०२० नुसार १ जानेवारी २०२१ पासून त्यावर भारतीय मानक ब्युरोचे आयएसआय चिन्ह आवश्यक आहे. खोक्यावर मुलांची चित्रे आहेत, पण चिन्ह नाही, असे आढळल्यास विक्रेत्याकडे विचारणा करावी.

विजेच्या बिलाची मात्र फारशी चिंता नको. २५ वॉटची मोटार दिवसाचे २४ तास चालली, तर दररोज ०.६ युनिट आणि ३० दिवसांत १८ युनिट वीज लागते. पुन्हा पुन्हा होणारा खरा खर्च असतो तो भुकटीचा.

आवाज, जागा आणि शेजारी

रबरी डबा असला तरी टंबलर पूर्णतः नि:शब्द नसतो. लांबून येणाऱ्या सरीसारखी त्याची खरखर अखंड सुरू राहते. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. नियमाच्या आधीही शेजारधर्म येतोच. भिंतीपलीकडे परीक्षेचा अभ्यास करणारा विद्यार्थी किंवा आजारी ज्येष्ठ असू शकतात.

यावर उपाय अवघड नाहीत. यंत्र सामाईक भिंतीला लावून ठेवू नये. खाली जाड रबरी चटई आणि तिच्यावर कडा असलेला ट्रे ठेवावा. आवाज कमी होतो आणि गळतीही आटोक्यात राहते. रात्री यंत्र बंद ठेवले तरी चालते. आठवड्याचे १६८ तासांचे काम रोज १६ तास यंत्र चालवून साडेदहा दिवसांत पुरे होते. पिढ्यान्‌पिढ्या दगड झिजवणाऱ्या नदीच्या तुलनेत साडेतीन दिवसांचा उशीर काहीच नव्हे. आवाज दाबण्यासाठी यंत्रावर गोधडी किंवा बंद खोके झाकणे मात्र टाळावे. मोटारीला हवा लागते. दिल्लीच्या उन्हाळ्यात तापलेल्या बाल्कनीत भरदुपारी यंत्र चालवू नये. पावसाचे पाणी पोहोचेल अशा जागी ते ठेवूच नये.

चार टप्पे, चार आठवडे

दगडाला चकाकी एका दमात येत नाही. प्रत्येक टप्प्यात आधीच्यापेक्षा बारीक भुकटी वापरून आधीच्या टप्प्याचे ओरखडे पुसायचे असतात. पहिल्या तीन टप्प्यांसाठी सिलिकॉन कार्बाइड वापरतात. बाजारात ‘कार्बोरंडम’ या नावाने परिचित असलेल्या या पदार्थाचे काठिण्य ९ ते ९.५ असते. भुकटीवरील आकडा जितका मोठा तितके कण बारीक.

पहिल्या टप्प्यात ६० ते ९० क्रमांकाची जाड भुकटी दगडाला आकार देते. दीड किलोच्या डब्याला साधारण चार मोठे चमचे पुरतात. दुसऱ्या टप्प्यात १२० ते २२० क्रमांकाची, तिसऱ्यात ५०० च्या आसपासची भुकटी पृष्ठभाग नितळ करते. चौथ्यात अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड किंवा सिरियम ऑक्साइडसारखे पॉलिश चकाकी आणते. प्रत्येक टप्पा साधारण आठवडाभराचा. पहिल्या टप्प्याचा कालावधी दगडावर अवलंबून असतो. खळगे आणि भेगा उरल्या असतील, तर नवी भुकटी घालून तो पुन्हा करावा. अपुऱ्या पहिल्या टप्प्याची भरपाई पुढचा कोणताही टप्पा करू शकत नाही.

सर्वाधिक निराशा होते ती अर्धवट धुण्यामुळे. जाड भुकटीचा एखादा कण जरी पॉलिशच्या डब्यात राहिला, तरी तो सर्व दगडांवर ओरखडे उमटवतो. म्हणून प्रत्येक टप्प्यानंतर दगड, डबा, झाकण आणि झाकणाची खाच जुन्या टूथब्रशने नीट धुवावी. जमल्यास पॉलिशसाठी वेगळा डबा ठेवावा. दगड झिजून डबा रिकामा वाटू लागला, तर पातळी राखण्यासाठी टंबलरसाठी मिळणारे सिरॅमिकचे छोटे तुकडे घालतात.

गाळाचे काय करायचे?

या छंदातील सर्वांत दुर्लक्षित, पण सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच. दगडाचा चुरा आणि भुकटी यांचा राखाडी गाळ मोरीत, बेसिनमध्ये किंवा शौचालयात ओतल्यास तो नळाच्या वळणात बसतो आणि सिमेंटसारखा घट्ट होतो. बहुमजली इमारतीत त्याचा त्रास खालच्या मजल्यांनाही भोगावा लागतो.

दगड बादलीतच धुवावेत. ती बादली रात्रभर स्थिर ठेवली की गाळ तळाशी बसतो. वरचे नितळ पाणी हलकेच वेगळे करावे आणि ओला गाळ प्लास्टिकच्या पिशवीत बांधून कचऱ्यात द्यावा. फरशीवर सांडलेला गाळ ओला असतानाच ओल्या फडक्याने पुसावा. वाळल्यावर झाडू नये. कोरडी भुकटी डब्यात घालण्याचे काम मोठ्यांनी करावे, शक्यतो मास्क लावून आणि पंखा बंद ठेवून. स्वयंपाकघरातील चमचे आणि भांडी या कामासाठी वापरू नयेत. खंबातच्या कारागिरांनी आरोग्य गमावून जो धडा दिला, तो पाळायला एक बादली आणि एक ओले फडके पुरते.

मुलाचा वाटा कोणता?

साधारण ८ वर्षांपुढील मूल मोठ्यांच्या देखरेखीखाली यात चांगला सहभाग घेऊ शकते. घरात ३ वर्षांखालील भावंड असेल, तर लहान गोटे घशात अडकण्याचा धोका ध्यानात घेऊन ते बंद डब्यात ठेवावेत. प्लग लावणे, भुकटी मोजणे आणि गाळ काढणे ही कामे मोठ्यांची. दगडांची निवड, मोजमाप आणि नोंदी मात्र मुलाच्याच हाती सोपवाव्यात.

नोंदवहीमुळे हे यंत्र खऱ्या अर्थाने भूगर्भशास्त्राचे साधन बनते. प्रत्येक दगड कोठून आला, त्याचा रंग, काठिण्य, वजन यांची नोंद आरंभी करावी. दर टप्प्यानंतर दगड कोरडे करून काट्यावर पुन्हा वजन करावे. कोणता दगड किती झिजला, हे पाहिल्यावर काठिण्यश्रेणीतील आकड्यांना अर्थ येतो आणि नदीकाठी गारगोट्या का उरतात, मऊ खडक का नाहीसे होतात, याचे उत्तर मुलाला स्वतःलाच सापडते. प्रत्येक जातीचा एक तुकडा न घासता साक्षीदार म्हणून बाजूला ठेवावा. चकाकणारा गोटा आणि त्याचा खडबडीत जुळा शेजारी ठेवल्यावरच झालेले परिवर्तन समजते.

यंत्रासाठी पैसे मोजण्यापूर्वी एक साधी परीक्षा घेता येते. हार्डवेअरच्या दुकानात रंगकाम करणारे वापरतात तो वॉटर पेपर मिळतो. त्याचे १२०, २२०, ४००, ६०० आणि १००० क्रमांकाचे तुकडे आणावेत आणि संगमरवराचा छोटा तुकडा मुलाला क्रमाक्रमाने घासायला द्यावा. घासणे पाण्यात बुडवूनच व्हावे, म्हणजे धूळ उडणार नाही. दोन-तीन संध्याकाळी त्याचा उत्साह टिकला आणि ‘पुढचा कागद केव्हा?’ असे त्याने विचारले, तर टंबलर वाया जाणार नाही. उत्साह मावळला, तरी बिघडले काहीच नाही. त्याला कदाचित दगड चकाकवण्यापेक्षा ओळखण्यात अधिक रस असेल. अशा मुलासाठी दहापट मोठे दाखवणारे चांगले भिंग, कस पाहण्यासाठी चकाकी नसलेली फरशी आणि नमुने ठेवायला कप्प्यांचा डबा ही अधिक योग्य भेट ठरते.

थोडक्यात, बहुमजली वसाहतीत राहणाऱ्या घरासाठी योग्य टंबलर म्हणजे सुमारे दीड किलोचा रबरी डबा असलेले, आपल्या विजेवर चालणारे, सुटे भाग मिळणारे संथ फिरते यंत्र. त्यासोबत काठिण्याने जुळणारे अकीक-गारगोट्यांचे दगड, चार टप्प्यांची भुकटी, गाळासाठी वेगळी बादली आणि एक नोंदवही असली की तयारी पूर्ण होते. मुलाचा पहिला प्रश्न बहुधा ‘दगड कधी चमकतील?’ हाच असेल. महिनाभराने, नोंदवहीची काही पाने भरल्यावर, कोणता दगड या डब्यात घालू नये हे त्याला न विचारता सांगता आले, तर यंत्राचे मोल वसूल झाले असे समजावे.